जुलेखाबीचे रोजे

रमजानचा आठवा दिवस होता आणि मेहरून सासूच्या खाटेखाली झाडत होती. झाडू कशाला तरी अडला. ओढून पाहिलं तर जुन्या दुपट्ट्यात बांधलेलं गाठोडं. म्हातारीने कपडे कोंबले असतील असं तिला वाटलं. गाठ सोडली तर आत पोळ्या. वाळून पापड झालेल्या, चतकोर चतकोर केलेल्या, एकावर एक नीट रचलेल्या. बुरशीचा ठिपका नाही. मे महिन्यातल्या नागपुरात बुरशीलाही जगणं कठीण.

मेहरून तिथेच फरशीवर बसली. तिला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की कानशिलं गरम झाली.

ते शहाऐंशी साल. रोजे भर उन्हाळ्यात आले होते. पहाटे चारच्या सुमारास तोंड बंद करायचं ते संध्याकाळी पावणेसातला उघडायचं, मध्ये पाण्याचा थेंब नाही, आणि बाहेर पारा शेहेचाळिसावर. भालदारपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्या दुपारी बारानंतर भट्टीसारख्या तापायच्या. अशा भट्टीत मेहरून रोज अकरा वाजता, स्वतःचा घसा कोरडा पडलेला असताना, स्टो पेटवून एकट्या सासूसाठी स्वयंपाक करत होती. दोन पोळ्या, दोडक्याची नाहीतर दुधीची भाजी. साखरेचं दुखणं असलेल्या बाईला बटाटाही चालत नव्हता. आणि ती बाई ताट हातात घेऊन, "तू जाय, मी खातो आरामानं," म्हणून सुनेला आतल्या खोलीत पाठवत होती. भाजी मोरीतून जात असावी. पोळी मात्र टाकवत नव्हती, कारण अन्न टाकणं गुनाह. गाठोड्याचं कारण एवढंच. सुनेला आठ दिवस फसवायला हरकत नव्हती, पोळी उकिरड्यावर टाकायला होती.

जुलेखाबी तेव्हा सत्तरीला टेकलेली. मूळची काटोलकडच्या खेड्यातली. नवरा संत्र्याच्या बागा ठेक्याने घ्यायचा. तो गेल्यावर मुलाकडे, लतीफकडे, नागपूरला येऊन राहिली होती. तीन वर्षांपासून तिला रोज सकाळी इन्सुलिनची सुई लागत होती. सुई द्यायला समोरच्या गल्लीतली सुमती यायची. सुमती सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि औषधाची बाटली तिच्याच फ्रीजमध्ये राहायची. ड्युटीवर जाता जाता ती सुई टोचायची आणि दर वेळी तेच सांगायची की यावर जेवण पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर ही सुई औषध नाही, जहर आहे. रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांनीही बजावलं होतं. तेव्हा जुलेखाबीने मान हलवली होती. मान हलवण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

मेहरून गाठोडं घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. म्हातारी कूलरपुढे तसबीह फिरवत बसली होती. तिने गाठोड्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि मणी पुढे सरकवला.

"अम्मा, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"ठेव तिथंच. मंग पान्यात भिजवून चिमण्याइले टाकू."

एवढंच उत्तर. जणू प्रश्न पोळ्यांचा होता.

संध्याकाळी लतीफ कोराडीहून आला. तो वीज केंद्रात फिटर होता. बसमधून उतरायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर राख असायची. मेहरूनने त्याला सगळं सांगितलं. तो आईजवळ गेला, म्हणाला, "अम्मा, खात जा ना," आणि हातपाय धुवायला मोरीवर गेला. आईशी याहून लांब वाक्य तो लग्न झाल्यापासून बोललेला मेहरूनला आठवत नव्हतं. त्याला वाटलं, काम झालं.

सुमतीला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. चार वाजता आजीला दरदरून घाम का येतो, हात का थरथरतात, हे कोडं तिला आठवडाभर पडलं होतं. आता सुई द्यावी तर साखर एकदम उतरायची भीती, न द्यावी तर चढायची. तिने डॉक्टरांना विचारून डोस निम्मा केला आणि मेहरूनला सांगितलं, भाभी, जेवताना समोर बसा, उठू नका. मेहरून समोर बसली. दोन दिवस म्हातारीने घास तोंडात घेतला, गालात धरला, आणि सून पाणी आणायला वळली की पदरात काढला. पदर पाहिला तेव्हा मेहरूनला वाटलं, आपली नसरीन तीन वर्षांची असताना असंच करायची. पण तिला एक चापट देता यायची. नसरीन सुट्टीत मामाकडे गेली होती ते बरंच होतं. आजीची ही अदा पाहून ती काय शिकली असती कोण जाणे.

शुक्रवारी दुपारी व्हायचं ते झालं. मेहरून मोरीवर कपडे धूत होती. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. जुलेखाबी खाटेवरून घसरून फरशीवर पडली होती, अंग थंड आणि ओलं, डोळे अर्धे उघडे, जीभ जड. मेहरूनने साखरेचा डबा आणला, सुमतीने शिकवल्याप्रमाणे बोटाने हिरड्यांवर साखर चोळली. म्हातारीने दात आवळले. शुद्ध हरपत होती तरी दात आवळायची ताकद होती. मेहरूनने तिचे गाल दाबून चमचाभर सरबत आत सोडलं, मग आणखी एक. पंधरा-वीस मिनिटांनी डोळे नीट उघडले.

"किती वाजले?" जुलेखाबीने विचारलं.

"अडीच."

म्हातारी ओठ चाटत होती. गोड लागलं तशी तिची मुद्रा बदलली. तू माझा रोजा तोडलास, ती म्हणाली. आता याच्या बदल्यात मला साठ रोजे लागोपाठ धरावे लागतील, आणि त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

मेहरूनने तिला उचलून खाटेवर ठेवलं, शेजारणीला बसवलं, बुरखा चढवला आणि त्याच उन्हात मशिदीकडे निघाली. डांबर चपलेला चिकटत होतं. मनातल्या मनात ती सासूशी, लतीफशी, सुमतीच्या सुईशी आणि उन्हाशी भांडत होती.

मशिदीलगतच्या खोलीत मौलवी इनायतुल्ला बसायचे. मूळचे कामठीचे, ऐंशीच्या घरातले, बोलायचे उर्दूत आणि सावकाश. जुम्याची नमाज नुकतीच आटोपली होती आणि त्यांच्यापुढे प्रश्न विचारणाऱ्यांची रांग होती. मेहरून बाजूला पडद्याजवळ उभी राहिली. एकाला विचारायचं होतं की टूथपेस्टने रोजा जातो का. दुसऱ्याच्या घशात सायकलवर माशी गेली होती. तिसरा, चांगला तगडा, पानठेल्यावरचा, म्हणत होता की उन्हाचा त्रास होतो, काही सवलत आहे का. मौलवींनी त्याला जायला सांगितलं ते हातानेच.

मेहरूनची पाळी आली. तिने सगळं सांगितलं, गाठोड्यापासून साठ रोज्यांपर्यंत. मौलवींनी चष्मा काढला आणि बराच वेळ उपरण्याने पुसला. मग म्हणाले की चाळीस वर्षं हेच चाललं आहे. ज्यांना रोजा झेपतो ते सूट मागायला येतात आणि ज्यांना सूट आहे त्यांना ती घरी नेऊन दिली तरी घेत नाहीत. कायदा म्हणजे दांडा अशी लोकांची समजूत आहे. दांडा पाठीत बसला नाही तर त्यांना चुकल्यासारखं वाटतं. खरं तर जिथे रोज्याचा हुकूम आहे तिथेच, त्याला लागूनच, आजाऱ्याची आणि मुसाफिराची सूट आहे. हुकूम आधी आणि दया मागाहून कोणाला तरी सुचली, असं झालेलं नाही. त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं की शरियतच्या इमारतीला पायाच रहमतचा आहे. एखादी भिंत निर्दयी दिसली तर ती कायदा वाचणाऱ्याने वाकडी बांधली समजावं.

हे सगळं ठीक होतं. पण मेहरूनला घरी बोलणारं माणूस हवं होतं. तिने तसं सांगितलं. मौलवी उठले तेव्हा गुडघे वाजले. उद्या सकाळी येतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षाने आले. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. जुलेखाबी दाराआड खाटेवर, डोक्यावरून पदर ओढून. मेहरून मध्ये उंबऱ्यावर. मौलवींनी आधी तब्येत विचारली, मग काटोलच्या संत्र्यांविषयी विचारलं, आणि मग मुद्द्यावर आले. ज्या आजारात रोजा धरल्याने जीव जाऊ शकतो, त्यात रोजा धरणं ही इबादत नाही, हट्ट आहे. साठ रोज्यांची गोष्ट इथे लागूच नाही. सुनेने जीव वाचवला, तिला उलट सवाब आहे, पुण्य आहे. आजार बरा होणारा नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला पोटभर जेवू घालावं, बस.

जुलेखाबी ऐकत होती. मग तिने विचारलं, ही सूट नवी निघाली का?

मौलवी हसले. चौदाशे वर्षं जुनी आहे, म्हणाले.

"अन् पोटुशी बाई असंन तं?"

"उनको भी है, अम्माजी. जान का डर हो, बच्चे का डर हो, तो बाद में रख ले. ये छूट मेरी जेब की नहीं है कि मैं किसी को दूँ और किसी को न दूँ."

दाराआड तसबीहचे मणी पुन्हा सरकू लागले. मौलवींना वाटलं, समजली. त्यांनी दुआ केली आणि ते गेले. मेहरूनला मात्र उंबऱ्यावरून उठता येईना. त्या एका प्रश्नाने तिला पंधरा वर्षं मागे नेऊन आपटलं होतं.

एकाहत्तर साली ती तेवीस वर्षांची होती, खेड्यात सासरी, सातवा महिना. रोजे आले ते ऑक्टोबरात, संत्र्याच्या आंब्या बहाराची तोडणी सुरू होती. ती दिवसभर बागेत बसून गवतात संत्री बांधायची, पेट्या भरायची. पहिल्या आठवड्यातच चक्कर यायला लागली. तिने सासूला विचारलं होतं, काही दिवस रोजा सोडू का, नंतर धरीन. सासू म्हणाली होती, आमच्या घरात रोजा कोनी सोडत नाही, मी पाच पोरं पोटात असताना धरले. बाराव्या रोज्याला मेहरून विहिरीपाशी पडली. दोन दिवसांनी मुलगा झाला, तो मेलेलाच. तिला दाखवलाही नाही. सासऱ्याने जुलेखाबीच्या पांढऱ्या ओढणीत गुंडाळून नेला. रक्त कमी होतं, असं काटोलचा डॉक्टर म्हणाला. कशामुळे गेला हे कोणी सांगू शकत नव्हतं, आणि त्या घरात कोणी विचारलंही नाही. नंतर तीन वर्षांनी नसरीन झाली. गोष्ट मागे पडली, निदान बाकीच्यांपुरती.

अकरा वाजले. मेहरूनने स्टो पेटवला, पोळ्या केल्या, ताट नेऊन सासूपुढे ठेवलं. सुमती सकाळीच सुई देऊन गेली होती. जुलेखाबीने ताट बाजूला सारलं.

मग मेहरूनचा तोल गेला. आता कोणाला आणू, ती म्हणाली, डॉक्टर झाला, नर्स झाली, मौलवी झाले, आता काय फरिश्ता बोलवायचा? या उन्हात मी चुलीपुढे उभी राहते ते माझ्या हौसेनं? तुम्हाला मरायचं असेल तर सरळ सांगा, रोज दोन पोळ्यांचं पीठ तरी वाचेल. पंधरा वर्षांत ती सासूशी असं बोलली नव्हती, आणि बोलायला लागल्यावर तिला थांबताही येईना.

जुलेखाबीने पदर मागे केला. डोळे कोरडेच होते.

"तुले मी सोडू देल्ला नाही," ती म्हणाली. "मंग मी कशी सोडू? मौलवीसाब म्हणते ते खरं असंन तं तवाबी खरंच होतं. मी खाल्लं तं त्याचा अर्थ काय होते, ते तुले समजते."

मेहरूनला समजत होतं. पंधरा वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. रात्री पडल्या पडल्या तिने कितीदा कल्पना केली होती की म्हातारी हे बोलेल आणि आपण काय काय उत्तर देऊ. आणि बोलली कधी, तर पोटात सुई गेलेली, पोळी गार होत चाललेली आणि हाताशी जेमतेम अर्धा तास असताना. मनासारखं भांडायचीही सोय ठेवली नव्हती या बाईने.

"तुम्ही उपाशी मेल्यानं माझं लेकरू उठून येते का?" ती म्हणाली.

"नाही येत."

"मंग?"

"तू माफ केलं म्हन. मंग खातो."

मेहरूनने तिच्याकडे पाहिलं. माफी मागताना सुद्धा अट. आयुष्यभर हिने दुसऱ्याला दिलं ते अटीवर आणि घेणारही अटीवरच. तिच्या तोंडाशी आलं होतं की म्हणावं माफ केलं आणि सुटावं. जीव वाचवायला एक खोटं बोललं तर कोण विचारतो. पण ते शब्द असे स्वस्तात द्यायला तिचं मन होईना.

"नाही म्हनत," ती म्हणाली. "खोटं कायले बोलू, रोजा हाय मले. माफी मले जमंन तवा जमंन, नाहीतं नाही जमणार. पन जेवनाचा अन् त्याचा काही संबंध नाही. मौलवीसाबनं तुमाले इचारलं का, तुमी कोनाशी कशा वागल्या? आजारी हाय म्हनून सूट हाय. चांगल्या हाय म्हनून नाही. खा आता."

आणि तिने पोळीचा तुकडा मोडून भाजीत बुडवून सासूच्या तोंडापाशी धरला. भाजीचा वास नाकात जाऊन तिच्या स्वतःच्या पोटात कळ उठली. जुलेखाबीने तोंड उघडायला इतका वेळ लावला की मेहरूनचा खांदा भरून आला. मग तिने घास घेतला. चावला. गिळला. मेहरूनने, माणसांवरचा विश्वास उडालेल्या जकातनाक्यावरच्या शिपायासारखं, तोंड उघडायला लावून पाहिलं. मग दुसरा घास. दुसऱ्या पोळीच्या वेळी म्हातारी रडायला लागली आणि रडता रडता जेवत राहिली. मेहरूनने तिला थांबू दिलं नाही.

प्रश्न मिटला असं वाटलं असेल तर जुलेखाबी कळली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने गरिबाच्या जेवणाचा विषय काढला. एका रोज्यामागे एक माणूस. लतीफ म्हणाला, महिन्याचा शिधा एकदम यतीमखान्यात, अनाथ पोरांसाठी, देऊन टाकू. ते तिला नको होतं. गल्लीच्या टोकाला एक इमारत उठत होती. तिथे पारशिवनीकडची पंचफुला नावाची बाई गारा वाहत होती, आठवा महिना लागलेली. जुलेखाबीने तिला खिडकीतून पाहून ठेवलं होतं. तीच पाहिजे, ती म्हणाली. पंचफुला मुसलमान नाही, तिला चालेल का, हे विचारायला मेहरूनला पुन्हा उन्हात मशिदीपर्यंत जावं लागलं. मौलवी म्हणाले, काही आलिम, जाणकार, नाही म्हणतात, पण आपण ज्यांना मानतो त्या जुन्या इमामसाहेबांच्या मतानं चालतं, आणि भुकेला काय विचारायचं. झालं, आता स्टोवर दोघींचं जेवण. चार पोळ्या वाढल्या, कारण पंचफुला काही साखरेची रोगी नव्हती. दुपारी बारा वाजता ती सिमेंटचे हात धुवून यायची आणि दोघी समोरासमोर जेवायच्या. "खाय वं, अजून एक घे, पोटात लेकरू हाय," असं जुलेखाबी तिला दटावायची. आतल्या खोलीत कोरड्या घशाने पडलेली मेहरून ते ऐकायची आणि कूस बदलायची. कधी कधी तिला ते आवाज सहन व्हायचे नाहीत. हेच शब्द, हाच आवाज, एवढाच आग्रह. फक्त पंधरा वर्षं उशिरा आणि दुसऱ्याच बाईला. तरी रोज अकराला ती उठून स्टो पेटवत होती.

ईद झाली. ईदनंतर चौथ्या दिवशी जुलेखाबी म्हणाली, मला गावाला ने, तुला त्या लेकराची जागा दाखवते. सासऱ्याने परतल्यावर जागा फक्त तिलाच सांगितली होती. एकदा ती स्वतः जाऊन पाहूनही आली होती. हे मेहरूनला आजवर ठाऊक नव्हतं. यावरही चिडावं की नाही हे ठरवण्यातच काटोलची बस निघायची वेळ झाली.

प्रवासभर म्हातारीने खिडकी उघडी ठेव, खिडकी बंद कर असा घोळ घातला. काटोलला टांगा केला. गावाबाहेरचं कब्रस्तान तसं लहानच. पण मधल्या काळात रस्ता रुंद झाला होता, कुंपण आत सरकलं होतं, आणि ज्या चिंचेची खूण जुलेखाबीने सांगितली होती ती चिंच कोणीतरी तोडून नेली होती. तिने आधी एका ढेकळाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, नाही, तिकडे, बाभळीपाशी. मग पुन्हा इकडे.

"अम्मा, एक जागा सांगा," मेहरून म्हणाली.

"मले आता समजून नाही राहिलं वं," जुलेखाबी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

राखणदार म्हातारा काठी टेकत आला. त्याने विचारलं, काय शोधता. मेहरूनने सांगितलं. तो म्हणाला की पश्चिमेकडचा हा सगळा कोपराच लेकरांचा आहे, कोणाचंच नाव नाही, आईबापही अंदाजानेच उभे राहतात. तेवढं सांगून तो आपल्या सावलीत परत गेला.

मेहरून त्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. गवत पिवळं पडलं होतं. तिने हात वर केले. कोणत्या ढेकळासाठी मागावं हे कळेना, म्हणून तिने सगळ्यांसाठीच मागितलं. मागे जुलेखाबी बसल्या बसल्या काहीतरी पुटपुटत होती, तिचंही चाललं असावं. मेहरूनला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. ऊन फार होतं आणि पाय भाजत होते.

मग तिने घड्याळ पाहिलं. म्हातारीच्या खाण्याची वेळ टळून गेली होती. साखर उतरली तर असू द्यावं म्हणून पिशवीत ठेवलेलं केळं काढून तिने सोललं आणि सासूच्या हातात दिलं. या वेळी सांगावं लागलं नाही. जुलेखाबी निमूट खाऊ लागली, तेही इतकं हळूहळू की मेहरूनचा जीव वर-खाली व्हायला लागला.

"लवकर आटपा, अम्मा," ती म्हणाली. "साडेतीनची गेली तं मंग सहापर्यंत बस नाही."